गाळलेली चौदा पानं

बाईंना मी वाचून दाखवलेलं पहिलं पुस्तक ज्वारीचं होतं. म्हणजे ज्वारीच्या जुन्या वाणांची माहिती देणारं. मुखपृष्ठावर कणसांचं देखणं चित्र होतं, म्हणून गावाकडच्या कथा असतील असं समजून मी ते वाचनालयातून उचललं होतं. पाच-सहा पानांतच माझा घसा कोरडा पडला. मी म्हटलं, "बाई, शनिवारी दुसरं आणते. हे फारच रुक्ष आहे."

"रुक्ष कुठं? वाच तू. आता तर कुठं हुरड्याच्या ज्वारीपाशी आलीस," बाई म्हणाल्या. "माझी आई हुरड्याबरोबर नुसती लसणाची चटणी द्यायची. दुसरं काही लागायचं नाही."

तीन आठवड्यांनी पुस्तक संपलं, तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "हे ऐकताना मला चार वेळा भूक लागली. माहितीच्या पुस्तकाला याहून मोठं प्रशस्तिपत्रक नाही."

ते वाक्य मला इतकं आवडलं की घरी येईपर्यंत मी ते मनात घोळवत होते. तेव्हा माझ्या मनात काही वाईट नव्हतं, एवढं खात्रीनं सांगू शकते.

बाई म्हणजे माझ्या चौथीच्या बाई. सोनईच्या शाळेत मी त्यांच्या हाताखाली शिकले, पुढं मीही प्राथमिक शिक्षिका झाले आणि बदल्यांच्या फेऱ्या पुऱ्या करून पुन्हा सोनईजवळच्याच एका वस्तीवरच्या शाळेत आले. तोवर बाईंना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. यजमान वारलेले, मुलगा पुण्याला नोकरीला. चर्चच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांच्या घरात त्या एकट्या राहायच्या. भाकरी-भाजी करायला शेजारच्या मावशी यायच्या. मधुमेहानं बाईंचे डोळे गेले होते. समोर माणूस उभा आहे एवढं कळायचं, अक्षर दिसत नव्हतं. मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा टेबलावर मोठ्या टायपातलं पवित्र शास्त्र होतं, त्याच्यावर भिंग आणि भिंगावर धूळ. शाळेत असताना ही बाई डबा खातानासुद्धा डाव्या हातात पुस्तक धरायची. मला ते पाहवेना. मीच म्हणाले, "मंगळवारी आणि शनिवारी शाळा सुटली की येत जाईन. तासभर वाचेन."

"तुला घरदार आहे," बाई म्हणाल्या.

"तासभराचं काय एवढं?"

मी दिलेला शब्द पाळला, वर्षभर तरी.

त्याच सुमारास आमच्या भागातल्या वाचकांचा मोबाईलवर एक मोठा गट सुरू झाला होता. शिक्षक, ग्रंथपाल, निवृत्त बँकवाले, दोन-चार डॉक्टर, लिहिणारी तरुण मुलं. दर रविवारी ज्यानं त्यानं नुकत्याच वाचलेल्या पुस्तकावर आपलं मत टाकायचं, अशी रीत होती. मी आधी नुसतीच वाचायचे. एका रविवारी धीर करून ज्वारीच्या पुस्तकावर दहा-बारा ओळी लिहिल्या आणि शेवटी ते भुकेचं वाक्य टाकलं. बाईंचं म्हणून टाकायचं मनात होतं. पण 'माझ्या चौथीच्या बाई म्हणतात' असं लिहिलं तर फार बाळबोध दिसेल असं वाटलं. मग नुसतंच टाकलं.

दुपारपर्यंत लोकांनी डोक्यावर घेतलं. वाचनालयाच्या सचिवांचा फोन आला, "मॅडम, काय लिहिलंय! एवढे दिवस लपून बसला होतात का?"

माझ्या नोकरीत अशी दाद कोण देतं? वर्गात साठ मुलं, वर माहितीचे तक्ते, पोषण आहाराची नोंद. घरी मी काय वाचते हे कुणी विचारत नव्हतं. त्या फोननं मी हुरळून गेले, हे कबूल करायलाच हवं.

दोनेक महिन्यांनी एका मोठ्या अधिकाऱ्याचं आत्मकथन संपलं. बाई म्हणाल्या होत्या, "चारशे पानं झाली, पण या माणसाच्या घरात चहा कोण करतं ते काही कळलं नाही." ते मी टाकलं. मग एक रहस्यकथा. धर्मशाळेत खून होतो आणि शेवटी व्यवस्थापकच खुनी निघतो. बाई म्हणाल्या, "खुनी कळला पण मेल्याचं वाईट वाटलं नाही. लेखकानं मेलेल्या माणसाशी आपली ओळखच करून दिली नाही बहुधा." तेही टाकलं. एका परदेशी कादंबरीचा मराठी अनुवाद होता. त्यावर त्यांचं मत, "अनुवाद सुरेख आहे, पण यातल्या सगळ्या बायका एकाच चुलीपाशी वाढल्यासारख्या बोलतात." एका कवितासंग्रहावर तर त्या एवढंच म्हणाल्या, "मौन हा शब्द किती वेळा आला गं? मौन असं ओरडून सांगतात का?"

मी घरी येऊन ते वहीत उतरवायचे. आजूबाजूला माझी चार वाक्यं लिहायचे, कथानक सांगायचे, पानांची संख्या सांगायचे. लोक ती चार वाक्यं ओलांडून बाईंच्या वाक्याशी थांबायचे. हळूहळू मी गटातली जाणकार समजली जाऊ लागले. नवीन पुस्तक आलं की कुणीतरी विचारायचं, "मॅडमचं मत काय?" आणि मी खरंच उत्तर द्यायचे, "वाचतेय. रविवारी सांगते."

बाईंना यातलं काही माहीत नव्हतं. एकदा मात्र रविवारच्या उपासनेनंतर पाळकसाहेबांनी त्यांना सांगितलं, की तुमची विद्यार्थिनी पुस्तकांवर फार छान लिहिते. मंगळवारी मी गेले तर बाईंचा चेहरा फुललेला.

"अगं, तू लिहितेस आणि मला सांगितलं नाहीस? वाचून दाखव की."

"किरकोळ असतं हो बाई. मोबाईलवरचं."

"किरकोळ असलं तरी माझ्या मुलीनं लिहिलेलं आहे ना?"

मी म्हणाले, "पुढच्या वेळी आणते लिहून." आणि घाईघाईनं पुस्तक उघडलं. त्या पुन्हा दोनदा म्हणाल्या, मी पुन्हा दोनदा टाळलं. मग त्यांनी विचारणं सोडलं. मी लाजते असं त्यांना वाटलं असावं. मावशींना त्यांनी तसं सांगितल्याचं मला नंतर कळलं.

ते पुस्तक आलं उन्हाळ्याच्या तोंडावर. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहणाऱ्या तरुणाचं आत्मकथन. पहिलंच पुस्तक. बाप पूर्वी डोंगरउतारावर भात-नाचणी करायचा, आता धरणाकाठी पर्यटकांसाठी तंबू लावतो. मुलगा तंबूचे दोर ओढत शिकला. काजव्यांच्या हंगामात पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते, त्याचं वर्णन फार चांगलं होतं. आपल्याच जिल्ह्यातला मुलगा म्हणून वाचनालयानं वर्धापनदिनाला त्याला बोलवायचं घाटत होतं. सचिव म्हणाले, "तुमचं मत येऊ द्या, मग ठरवू."

शनिवारी संध्याकाळी मी बाईंकडे गेले तेव्हा पुस्तकाची पन्नासेक पानं उरली होती. घरी नणंद मुलाबाळांसह आलेली, स्वयंपाक माझी वाट बघत होता. आणि रविवारी सकाळी मत द्यायचं होतं. मी आठवं प्रकरण संपवलं. नवव्याचं नाव 'चूल'. पान उलटून पाहिलं तर संवाद नाही, परिच्छेद लांबलचक. पीठ मळलं, लाकडं सारली, पिठलं हाटलं. मी पुढं चाळलं. सगळी चौदा पानं तशीच दिसत होती.

बाई खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. मी पानांचा तो गठ्ठा एकदम उलटला आणि दहाव्या प्रकरणाचं पहिलं वाक्य वाचायला लागले. आवाजही बदलला नाही माझा. वर्गात पोरांनी धडा गाळला तर मला लगेच कळतं. बाईंना कळलं नाही. कसं कळणार?

पुस्तक संपलं. नेहमीप्रमाणे त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "लिहिलंय चांगलं. पण आईचं काय झालं? सुरुवातीला चुलीपाशी बसवली आणि नंतर बहुधा विसरलाच तो. तिला तिथून उठवलंच नाही. मुलं लिहायला लागली की आया अशाच मागं राहतात कधीकधी."

मला त्या क्षणी आठवायला हवं होतं, की गाळलेल्या प्रकरणाचं नाव 'चूल' होतं. आठवलंही असेल. पण नणंदेची मुलं डोळ्यांसमोर होती आणि वाक्य इतकं छान होतं, की मी ते मनात धरून तशीच उठले.

रविवारी मी लिहिलं: 'लेखकानं आईला चुलीपाशी बसवलं आणि पुन्हा उठवलंच नाही. मुलगा लेखक झाला की आई मागं राहते.' बाईंचं 'बहुधा' आणि 'कधीकधी' मी काढून टाकलं. वाक्य कमकुवत होत होतं ना.

त्या मताला मिळाली तेवढी दाद मला कधीच मिळाली नव्हती. बायकांनी तर आपापल्या आयांच्या आठवणी लिहिल्या खाली. एक प्राध्यापक म्हणाले, नेमकं दुखणं पकडलंत. संध्याकाळी सचिवांचा फोन आला. "मॅडम, तुम्ही म्हणता ते पटलं सगळ्यांना. त्या मुलाला पुढं कधीतरी बोलावू. यंदा आपण एका विनोदी वक्त्याला सांगितलंय."

मी म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल तसं."

बुधवारी मधल्या सुट्टीत मुलांना खिचडी वाढून झाल्यावर मी मोबाईल पाहिला. त्या मताखाली एक नवीन ओळ आली होती. लेखक स्वतः त्या गटात होता, मला माहीत नव्हतं. त्यानं लिहिलं होतं, 'नमस्कार ताई. सवडीनं नववं प्रकरण पुन्हा एकदा वाचाल का? आई तिथं आहे.'

एवढंच. राग नाही, टोमणा नाही. 

तेव्हा सरळ लिहायला हवं होतं, की चुकले, ते प्रकरण मी वाचलं नाही. पण खाली लोक जमायला लागले होते. एकजण म्हणाला, 'मॅडम, तुम्ही सांगा आता.'  आणि मी लिहिलं, 'माझ्या प्रतीत ती पानं नाहीत बहुतेक. आठव्यानंतर एकदम दहावं प्रकरण आहे. छपाईतली चूक असावी.'

लगेच लोकांनी छपाईवर तोंडसुख घेतलं. हल्लीची बांधणी, हल्लीचे प्रकाशक. मी सुटले. त्या मुलानं उत्तर दिलं, 'असं झालं असेल तर माफ करा ताई. मी बघतो.'

आठवड्यानं शाळेच्या पत्त्यावर टपालानं एक पाकीट आलं; पत्ता त्यानं सचिवांकडून घेतला असावा. आत त्याच पुस्तकाची नवी प्रत होती. बरोबर वहीच्या कागदावर चिठ्ठी: 'ताई, सदोष प्रत तुमच्या हाती गेली, वाईट वाटलं. ही प्रत मी पानं मोजून पाठवतो आहे. छापखान्यात बोललो, ते म्हणतात बाकी प्रती ठीक आहेत, पण मी घरातल्या सगळ्या प्रती उघडून पाहिल्या.' खाली त्याचा फोन नंबर.

सगळ्या प्रती उघडून पाहिल्या. हे वाचून मी वर्गातच खुर्चीवर बसले. पोरं पाढे म्हणत होती, म्हणू दिले. तो मुलगा तंबूत की ओसरीवर बसून, पुस्तकांचे गठ्ठे सोडून, एकेका प्रतीत नववं प्रकरण आहे का ते बघतोय, असं सारखं दिसायला लागलं. आणि माझी जुनी प्रत पिशवीत होती, चौदाही पानं धडधाकट.

त्या शनिवारी मी बाईंकडे गेले ते ठरवून. पण पुरतं सांगायचं धाडस तेव्हाही नव्हतं. मी म्हणाले, "बाई, त्या भंडारदऱ्याच्या पुस्तकातलं एक प्रकरण वाचायचं राहिलं होतं. आज वाचते."

"राहिलं? कसं काय?"

"राहिलं," मी म्हटलं आणि वाचायला सुरुवात केली.

पिठलं, लाकडं, पीठ, हे सगळं होतंच. चाळीस माणसांचा स्वयंपाक एक बाई रोज कसा करते, ते तपशिलानं होतं. मग एका संध्याकाळी एक पाहुणी तिला विचारते, "तुम्ही रोज काजवे बघत असाल ना?" आई हसते आणि सांगते, की पाहुणे यायला लागल्यापासून हंगामात ती एकदाही चुलीपासून उठलेली नाही. हे मुलगा ऐकतो. दुसऱ्या दिवशी तो हातातली दोरी टाकून चुलीपाशी येऊन बसतो आणि आईला म्हणतो, तू ऊठ, आज पाहुण्यांबरोबर तू जा. ती नको नको म्हणते, मग लुगडं सारखं करून जाते. आणि थोड्याच वेळात परत येते. "भात लागला का रे?" विचारते. भात लागलेला असतो. मायलेक तो लागलेला भात खातात आणि ती त्याला सांगते, की लहानपणी तिच्या माहेरी एका हिरड्याच्या झाडावर याहून जास्त काजवे असायचे, आणि ते बघायला कुणी येत नव्हतं.

मी थांबले. बाईंचे हात मांडीवर होते. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्यानं उठवली होती तिला."

"हो."

"आणि मी म्हणाले, उठवलं नाही." मग माझ्याकडे तोंड वळवून त्यांनी विचारलं, "हे राहिलं कसं?"

"मी गाळलं, बाई. घरी जायची घाई होती."

 त्या जणू मलाच समजावल्यासारखं म्हणाल्या, "बरं, आपल्या दोघींतलीच गोष्ट होती. त्या बिचाऱ्याला कुठं माहीत मी काय म्हणाले ते."

इथं मी गप्प बसले असते तर सुटले असते. पण त्यांनी मला वाचवायला म्हटलेलं ते वाक्य माझ्याच्यानं ऐकवेना. मी सगळं सांगितलं. रविवारच्या सगळ्या मतांचं. ज्वारीपासूनचं. त्या मुलाचा प्रश्न, माझं छपाईचं खोटं, टपालानं आलेली प्रत.

"मोबाईल आहे ना जवळ?" बाई म्हणाल्या. "वाच."

"काय?"

"तू लिहिलेलं. मला ऐकायचंच होतं."

मी एकेक मत वाचत गेले. त्यांचीच वाक्यं त्यांना वाचून दाखवत होते. मावशी भाकऱ्या थापता थापता थांबल्या होत्या, थापण्याचा आवाज बंद झाला होता. रहस्यकथेपाशी बाईंनी मला अडवलं. "मी 'बहुधा' म्हणाले होते."

"हो."

"ते कुठंय?"

"काढलं मी."

"का?"

मी पुढचं मत वाचायला घेतलं. शेवटचं मत वाचून झालं तेव्हा त्यांनी पदरानं डोळे पुसले. त्या रडत होत्या की डोळ्यांना नेहमीचं पाणी होतं, मला कळलं नाही.

"वाक्यं घेतलीस, त्याचं मला एवढं काही नाही," त्या म्हणाल्या. "मास्तरकी म्हणजे वाटणंच असतं. मी मागितलं असतं तर तू माझं नाव घातलं असतंस, एवढा तुझ्यावर विश्वास आहे. पण अगं, मला दिसत नाही हे तुला माहीत होतं."

मी मोबाईल पिशवीत टाकला.

"आता जा. मंगळवारी येऊ नको. मी निरोप देईन."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी गटावर सगळं लिहिलं. की ही मतं माझी नव्हती, माझ्या बाईंची होती. की नववं प्रकरण मी आळसानं गाळलं. की छपाईत काही चूक नव्हती, मी खोटं बोलले. की लेखकाची मी माफी मागते.  वाटलं, आता लोक शेण घालतील तोंडात. तेच व्हायला हवं होतं.

झालं भलतंच. 'केवढा हा प्रामाणिकपणा!', 'मॅडम, तुम्ही खऱ्या शिक्षिका', 'आजच्या काळात असं कोण कबूल करतं?' ज्वारीच्या पुस्तकाला मिळाली नव्हती एवढी शाबासकी माझ्या खोटेपणाच्या कबुलीला मिळाली. बाईंच्या जिवावर मी पुन्हा एकदा मोठी झाले. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी फक्त लिहिलं, 'त्या बाई कशा आहेत?' बाकी कुणाला ते सुचलं नाही. लेखकानं एकच शब्द लिहिला, 'बरं.'

मी सचिवांना जाऊन भेटले. म्हटलं, त्या मुलाला बोलवा. ते म्हणाले, वक्ते ठरलेत, पत्रिका छापून झाल्या. मग स्वतःच अवघडून म्हणाले, "आम्हीही कुठं पुस्तक वाचलं होतं म्हणा."

बारा दिवसांनी मावशी शाळेच्या रस्त्यावर भेटल्या. "बाईंनी बोलावलंय," त्या म्हणाल्या. "आन् येताना त्या पोराचा लंबर आन म्हनल्यात. तुमी काय वाचून दावलं त्या दिशी कुनाला ठावं, पन बाईंनी चार दिस रेडूबी लावला न्हाई."

मी गेले. बाईंनी विचारपूस केली नाही, मी बसलेही नाही. त्यांनी फक्त म्हटलं, "लाव त्याला फोन." मी लावला. पलीकडून 'हॅलो' आलं तसा त्यांनी हात पुढे केला, फोन कानाला धरला आणि मला म्हणाल्या, "तू आत बस."

मी स्वयंपाकघरात मावशींजवळ बसले. अर्धा तास तरी ते बोलत होते. बाईंचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. एकदा त्या मोठ्यानं हसल्या. बऱ्याच दिवसांनी मी त्यांचं हसणं ऐकत होते आणि ते माझ्यासाठी नव्हतं. फोन परत घेताना मी विचारलं, "काय म्हणाला?"

"आमचं बोलणं झालं," बाई म्हणाल्या.

ते काय झालं, मला आजही माहीत नाही. पावसाळा सरल्यावर त्याच्या वाडीकडून नव्या तांदळाची एक पिशवी बाईंच्या घरी पोचली होती, एवढं मावशींकडून कळलं. त्यातला भात मी खाल्ला नाही. बाईंनी वाढला असता, पण मी त्या दिवशी जेवायला थांबले नाही.

वाचन पुन्हा सुरू झालंय. मंगळवार, शनिवार. आता मी प्रत्येक पान उलटताना आकडा मोठ्यानं म्हणते. 'एकशे बारा.' 'एकशे तेरा.' बाईंनी तसं करायला सांगितलेलं नाही, तसं करू नको असंही सांगितलं नाही. पहिल्या दिवशी आकडा ऐकून त्यांनी मान किंचित हलवली होती. एखादं प्रकरण फार छोटं आलं तर अजूनही त्या म्हणतात, "एवढंच होतं?" मी म्हणते, "एवढंच होतं, बाई." मग त्या "बरं" म्हणतात. त्या 'बरं'मध्ये किती विश्वास असतो ते मी दर वेळी कान देऊन ऐकते. कधी पुरा असतो, कधी नसतो.

पुस्तक संपल्यावरचं ते त्यांचं गप्प बसणं तसंच आहे. पण त्यानंतर त्या आता मला काही सांगत नाहीत. परवा मावशी भाकरी उलटताना, आम्ही मागे संपवलेल्या एका डॉक्टर बाईंच्या आठवणींबद्दल म्हणाल्या, "त्या डाक्टरनीचं पुस्तक लई पोकळ हाय म्हनं व्हय? बाई म्हनत हुत्या, दुखनं समद्यांचं लिवलंय पर दुखतं कुटं त्ये न्हाई." मी हातातला कप खाली ठेवला. मतं अजून असतात तर. मावशींना सांगतात. मावशींना अक्षर येत नाही.

गेल्या मंगळवारी आम्ही एक प्रवासवर्णन संपवलं. हिमालयातल्या खेड्यांचं, भरपूर फोटोंचं. फोटोंखालची वर्णनंसुद्धा मी एक न गाळता वाचली. संपल्यावर बाईंनी विचारलं, "तुला कसं वाटलं?"

असं त्यांनी हल्लीच विचारायला सुरुवात केली आहे. मला दर वेळी चौथीत फळ्यापाशी उभं केल्यासारखं होतं. मी खूप विचार केला आणि खरं तेच सांगितलं, "मला आवडलं नाही बाई. पण का ते सांगता येत नाहीये."

"मग सांगता येईपर्यंत थांब," त्या म्हणाल्या आणि मावशींना चहा टाकायला सांगितलं. बिनसाखरेचा त्यांच्यासाठी, साखरेचा माझ्यासाठी.

त्या पुस्तकावर मी अजून काही लिहिलेलं नाही.